भिंतीपलीकडचा साक्षीदार

हॅगथॉर्प, यॉर्कशर
४ ऑक्टोबर १९३१

चि. हेस्टरला अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, गुडघा सोडून. तुझ्या शब्दकोशाच्या कचेरीसाठी शब्दांच्या आणखी सहा चिठ्ठ्या पाठवतोय. अक्षराला हसू नकोस, मला शाळा चारच वर्षं मिळाली. साध्यासाध्या शब्दांचे इतके अर्थ असतात हे आधी कळतं, तर मी जन्मभर बोलायलाच घाबरलो असतो.

हे अर्थ सगळे ऑसबर्टचे. मागच्या भिंतीपलीकडे तो रोज येऊन बसतो. पोट भरलं की म्हणतो, मी ‘सॅड’ झालो! पावालाही ‘मीट’ म्हणतो. डोकं ठिकाणावर आहे ना, असं विचारलं, तर म्हणाला, सायलस, लेका, तूच अर्धवट बोलतोस, आमच्यात सगळे असंच बोलतात. चहाला म्हणून कितीदा बोलावलं, पण भिंत काही ओलांडत नाही. तेवढं मनाला लागून राहतं.

आर्थरला सांग, सासरा अजून धड आहे.

तुझा,
बाबा

लीड्स
९ ऑक्टोबर १९३१

ती. बाबांना सा. न. वि. वि.

चिठ्ठ्या बघून साहेब हरखले. ‘सॅड’चा ‘पोट भरलेला’ हा अर्थ पाचशे वर्षांपूर्वीच मेला. कोशात त्याच्यापुढे मेल्याची फुली आहे. तसं बोलणारी दोन जिवंत माणसं सापडली, तर ती फुली खोडायची असा आमचा नियम. साहेबांनी दुसरा साक्षीदार म्हणून तुमच्या सहीसाठी कागद परस्पर धाडलाय.

बाबा, भिंतीपलीकडे प्लेगात ओस पडलेलं जुनं गाव आहे. गवताचे नुसते उंचवटे. तिथे कोण राहणार? सही करू नका, त्याच्यासारखं बोलूही नका. पुढच्या शनिवारी, सतराला, आम्ही तुम्हाला कायमचं न्यायला येतोय.

जिवाला जपा.
तुमची लाडकी,
हेस्टर

हॅगथॉर्प
१८ ऑक्टोबर १९३१

चि. हेस्टरला आशीर्वाद.

रागावू नकोस, सही मी करून बसलो. ऑसबर्ट फार काकुळतीला आला होता. म्हणाला, एक फुली खोडली की आमच्यातला एक जण जिवंतांत परत जाईल. त्याच्या जागी कुणाला तरी बसावं लागतं, हे मात्र बोलला नाही. नुसती सही करून भागत नाही, म्हणाला, बोलायला इकडे यावं लागतं, तिकडून जीभ वळत नाही. मी भिंत चढून पलीकडे उतरलो. गुडघा जरासुद्धा दुखला नाही.

काल तू आलीस. मी भिंतीशीच होतो, वीस पावलांवर. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. तू इकडे वळून बघितलंस आणि आर्थरला म्हणालीस, वारा किती सुटलाय.

घराच्या दारात ऑसबर्ट उभा होता. माझा कोट, चेहराही माझाच. तू त्याला मिठी मारलीस, गाडीत बसवलंस, पायांवर घोंगडी घातलीस.

त्याला हाकलून दे असं म्हणत नाही. इथे थंडी फार आहे, कुणीही पळालं असतं. पण हेस्टर, त्याला बाबा म्हणू नकोस. तुझ्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ मी आहे.

पत्र पोचलं तर दोन ओळी टाक.

तुझा,
बाबा