मेट्रो वरूनच न्या

ती. गोदूताईस,

धामणकर नाक्याहून धाकट्या केसरीनाथचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला अंबाडीच्या डॉक्टरला दाखवला का, की अजून ओवाच चघळतायत? इकडे आम्ही दोघंही बरे आहोत, म्हणजे मी बरा आहे आणि तुळजा चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर घरातून फोन केला की तुळजा ऐकते, आणि दुकानातून केला तर शेजारच्या लूमच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू येत नाही. (शिवाय फोनवर तू अर्धा तास "हां, हां" करतेस आणि मग विचारतेस, कोण बोलतोय?)

तर विषय मेट्रोचा. आमच्या आळीतून ती न्यायची आहे, आणि वरून न्यायची की खालून यावर माणसं इतकी भांडली आहेत की दोन सोयरिकी मोडल्या. वरून, म्हणजे खांबांवरून नेली तर रस्ता रुंद होणार, आणि आपली पडवी, पुढची खोली, माझं लूमच्या सुट्या भागांचं, धोटे-पिकरचं दुकान, सगळं जाणार. खालून, भुयारातून नेली तर घरं वाचतात. फक्त भुयारात हवा खेळावी म्हणून एके ठिकाणी विहिरीएवढा खड्डा खणायचा, आणि तो नकाशात नेमका आपल्या परसात आला आहे, पेरूच्या झाडाजवळ. घराच्या बदल्यात एक पेरूचं झाड! (तसाही त्या झाडाचा पेरू मला एकतीस वर्षांत मिळालेला नाही. तुळजा ते सगळे आळीतल्या लहान मुलींना वाटते.) मी म्हटलं, खणा, बिनघोर खणा.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मितेश नावाचा एक तरुण इंजिनिअर आला होता, पोरगा गोड, पण आपली भिवंडी त्याला नवी. तो कळवळून सांगत होता की भुयारातली गाडी तुम्हाला बिलकुल जाणवणार नाही, कपातला चहासुद्धा हलणार नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अरे बाबा, इथे भिंती हलतात, दात हलतात, लूम बंद पडले तर माणसं दचकून जागी होतात! असो. हात वर करायला सांगितलं तर अख्खी आळी "खालून, खालून" ओरडली. आणि बायकांच्या रांगेतून तुझी भावजय उभी राहिली.

"खालून न्हाय. वरशी न्या."

मितेश म्हणाला, "मावशी, वरून नेली तर तुमचंच घर जातंय."

"जाऊ दे. घर माझा हाय ना? मी देते."

धोंडूबाई मागून म्हणाली, "तुळजाला वर जायची लय घाई हाय गो!" सगळा हॉल हसला. खरं सांगतो ताई, मीही हसलो. तुळजाने मात्र त्या पोराला एवढंच विचारलं, की खणताना मधी काय लागलं तर? तो म्हणाला, काही लागू दे, मशीन फोडून पुढे जातं.

मला तेव्हाही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता रिक्षाने त्यांच्या कचेरीत गेली आणि हरकतीचा अर्ज भरून आली. तो अर्ज परत आला, तो मी दुकानात बसून वाचला. हरकत घेणाऱ्याचं नाव, तुळजा केसरीनाथ. बाधित होणारी व्यक्ती, माझी मुलगी. वय, अकरा दिवस. बाधित होण्याचं स्वरूप, झोपली आहे. नावाची जागा तेवढी कोरी होती, आणि तिथे कुणीतरी लाल पेनने लिहिलं होतं, "नाव भरून आणावे." मी शटर अर्धं ओढलं आणि गिऱ्हाईक बाहेर उभं असताना रडलो.

संध्याकाळी तिने विचारलं, "तिचा नाव काय लिवू?" माझ्या तोंडातून काय निघावं? "लिही काहीतरी." तेव्हापासून अबोला आहे, आणि तो मला शोभतोच.

बाकी ठीक. यंदाचे वाल निघाले असतील तर दोन पायली पाठव. भाऊजींना नमस्कार, सूनबाई भावनाला आशीर्वाद.

तुझा,
केसरीनाथ

ता. क. – तुझी सून पत्र वाचून दाखवत असेल तर तिला आता चहा टाकायला पाठव आणि पुढचं चष्मा लावून तू स्वतः वाच. ताई, आमची पोर पेरूखाली नाही. तुला ठाऊक आहे, एकतीस वर्षांपूर्वी त्या सकाळी बाबा आणि मी तिला कामवारीच्या काठावर पुरून आलो. घरी आलो तर तुळजा बाळंतिणीच्या खाटेवरून विचारते, कुठं ठेवलीत? नदीवर, कुत्री फिरतात तिथे, हे माझ्याच्याने सांगवेना. मी खिडकीतून दिसलं ते झाड दाखवलं. दोन दिवस तिला बरं वाटेल, एवढाच माझा हिशेब होता. आता मी एक वाक्य बोललो की घर वाचतं. ते मी बोलणार नाही, आणि तूही बोलू नकोस. काल मी आळीच्या "खालून न्या" अर्जावरची माझी सही काढून घेतली आणि तिच्या अर्जावर केली.

ता. ता. क. – वाल राहू देत, तूच ये. बाराव्या दिवशी बारसं म्हणून तू आदल्या संध्याकाळीच अंबाडीहून आली होतीस. आत्या म्हणून नाव तूच ठेवायचं होतंस. ते मनात घेऊन आलीस आणि कुणाला न सांगता परत घेऊन गेलीस. विसरली नसशील. अर्जाची मुदत सोमवारपर्यंत आहे. रविवारी सकाळच्या एसटीने ये आणि ते नाव तुळजाच्या कानात सांग. घुगऱ्यांचे चणे मी शनिवारी भिजत घालतो.