बंडखोरांच्या तोफेवरचा अंगठा

उरलच्या ओतशाळेतल्या माझ्या बाबांना तेरेंतीचा वाकून नमस्कार.

जिंकलो, बाबा! आमच्या चार तोफांनी छर्‍यांचा असा मारा केला की बंडखोर कोसॅक बर्फात टोप्या टाकून पळाले. मला खरचटलंसुद्धा नाही, आईला सांगा. तिचा खोकला कसा आहे?

त्यांच्या तीन तोफा हाती लागल्या. कॅप्टन गरजले, “या चोरांना तोफा ओतून दिल्या कुणी? सापडला की लटकवतो!”

एका तोफेच्या उचलायच्या कडीखाली, ओतण्याआधी मेणाच्या नमुन्यात उठवलेला, भाजल्याचा वण असलेला तुमच्या अंगठ्याचा ठसा दिसला. मी तो कानशीने घासून सपाट केला.

बंडखोरांनी तुमच्या मानेवर तलवार ठेवली असेल, कळतं मला. पण प्रत्येक तोफेवर अंगठा उठवायची ही सवय आता सोडा. पत्र भट्टीत टाका.

तोच अंगठा धरून चालायला शिकलेला,
तेरेंती