खांद्यावरचं बाळ

चिमणीच्या आईस,

तुला जिची धास्ती होती ती सुट्टीतली फोरमनच्या घरची पार्टी झाली. आधीच सांगून टाकतो, थेंबही घेतला नाही.

गेल्या गेल्या आमच्या वर्कशॉपच्या वेल्डरने ग्लास पुढे केला. म्हणाला, "एकाने काय होतंय?" मी दोन्ही हात खिशात घातले. तेवढ्यात फोरमनची बायको वाढायच्या गडबडीत आली आणि आपलं तान्हं माझ्याकडे देऊन गेली. ते खांद्यावर झोपलं, थेट तुझ्या बाबांसारखं घोरत! मग जो ग्लास घेऊन येई, त्याला मी डोळ्यांनीच गप्प करी. जेवलोसुद्धा एका हाताने.

निघताना फोरमनची बायको म्हणाली, "भावजी, तुमचे उपकार झाले." उपकार कोणाचे कोणावर, हे तिला काय सांगू!

चिमणीचा खोकला गेला का? मला ओळखेल ना गं ती?

एक मात्र मनात राहिलं. बाळ देताना फोरमनच्या बायकोने माझ्या तोंडाचा वास घेतला नाही. तू घ्यायचीस, आणि मी चिडायचो. आता घरी आलो की चिमणीला माझ्याकडे देण्याआधी खुशाल वास घे. मी वाकून उभा राहीन.

तुझाच,
चिमणीचा बाबा