संदर्भसूचीतली मोठी अक्षरं

डोंगरकडा,
१२ ऑगस्ट २००८

प्रिय प्रज्ञेश,

जय भीम. चौदा वर्षांनी माझं पत्र बघून चकित होशील. गावातल्याच शाळेत इतिहास शिकवतो. आई गेल्या साली गेली. शेवटपर्यंत तुझी चौकशी करायची. औरंगाबादला आपण एका खोलीत राहायचो तेव्हा तिनं पाठवलेल्या भाकरी तू माझ्याआधी संपवायचास.

आपल्या दोघांचा पीएच.डी.चा विषय जवळपास एकच होता, रोमन लोकांनी दख्खनच्या व्यापाराबद्दल काय लिहून ठेवलं तो. जुन्या लॅटिन ग्रंथांची नावं लिहिताना मी अडलो. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नसतंच, आणि इंग्रजी पुस्तकाच्या नावात तर बहुतेक शब्दांचं पहिलं अक्षर मोठं. लॅटिनलाही तसंच करू काय, असं मी तुला विचारलं. तू माझी सगळी संदर्भसूची वाचलीस आणि म्हणालास, "बराबर आहे. काहून एवढा विचार करून राहिला? टाक टायपिंगला."

मी टाकली. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. ज्याला ग्रंथांची नावं लिहायची रीत ठाऊक नाही, त्यानं ते ग्रंथ पाहिले असतील यावर विश्वास बसत नाही, असा शेरा होता. मी ते ग्रंथ, भाषांतर शेजारी ठेवून, ओळ न् ओळ वाचले होते. दुरुस्तीत वर्ष गेलं, आणि त्याच वर्षी, आपण दोघांनी अर्ज केलेली कॉलेजातली प्राध्यापकाची ती एकमेव जागा तुला मिळाली. मी आखाडा बाळापूरहून पेढे आणून गावात वाटले. चूक माझीच, असं इतकी वर्षं मानत आलो.

मागच्या महिन्यात माझ्या लेकीनं, ज्योतीनं, नमुना म्हणून तुझ्या प्रबंधाची झेरॉक्स आणली. त्यावरची तारीख माझ्या प्रबंधाच्या एक महिना आधीची. आणि त्यात सगळी लॅटिन नावं अचूक. पहिलं अक्षर मोठं, पुढं फक्त माणसाच्या नि गावाच्या नावाला मोठं, बाकी लहान. आवृत्तीगणिक पान बदलतं म्हणून पानाऐवजी खंड आणि अध्याय दिलेला. म्हणजे मी विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू माझी पानं नीट लावून माझ्या हातात दिलीस. जागेचं मला तितकं वाटत नाही, प्रज्ञेश. ती तुला हवी आहे असं तू नुसतं बोलला असतास तर मी अर्जसुद्धा केला नसता, आणि हे तुला माहीत होतं.

तेव्हा तिसरीत असलेली ज्योती आता संशोधन करणार आहे. मार्गदर्शक म्हणून तिनं तुझंच नाव दिलंय. "बाबा, तुमची ओळख आहे ना, दोन शब्द लिहा की," म्हणून मागं लागलीय. म्हणून हे पत्र. यातलं तिला काही सांगितलेलं नाही. तिच्यासाठी तू अजून प्रज्ञेशकाकाच आहेस. पोरगी मेहनती आहे, तिला घे. ती काही विचारेल तेव्हा खरं सांग. ते जमणार नसेल तर आत्ताच कळव, मी तिच्यासाठी दुसरं कुणी बघतो.

एके काळचा तुझाच,
रवींद्र