तू आणलेलं पाणी

प्रिय ताइस्तो,

फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि कुणी उचलण्याआधीच ठेवून दिला. तुझा किंवा लॉर्नावहिनीचा आवाज कानावर पडला असता, तर मी थंडीवाऱ्याच्या गप्पा मारून मोकळी झाले असते. मी स्वतःला चांगली ओळखते. म्हणून हा कागद घेतला. वाचून झालं की लॉर्नालाही दे. तुमच्या घरात माझ्यामुळे लपवाछपवी नको.

मार्चमध्ये मी आमच्या सरकारी प्रयोगशाळेत माशांवर चाचणी घ्यायला नदीचं पाणी मागितलं, तेव्हा किती हसला होतास! "काय गं, सरकारकडे नळ नाहीत का? मासेवाल्या बाईला आता आमच्या नदीचं पाणी लागतं होय!" तोंडाने चेष्टा, पण रविवारी गिरमिट घेऊन बर्फावर गेलास, तुमच्या कारखान्याच्या खालच्या वळणावर भोक पाडलंस, डबे बर्फाच्या पेटीत ठेवलेस आणि दिवसभर गाडी हाकत माझ्या दारात येऊन उभा राहिलास. वर लॉर्नाने धुरावलेला व्हाइटफिश मासा. ज्याने पाणी भरलं त्याचं नाव डब्यावर नसेल तर नमुना धरत नाहीत, असं मी म्हटल्यावर तू ऐटीत सही ठोकलीस. जेवताना म्हणालास, "एकदाचं लिहून टाक बाई, आमच्या मालाने माशाच्या केसालाही धक्का लागत नाही." माशाला केस कुठले, असं म्हणत आपण दोघंही हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण मला तेव्हाही शंका होती आणि मी ती गिळून बसले होते.

तुमच्या कारखान्याला टाक्या धुतलेलं पाणी येत्या हिवाळ्यापासून नदीत सोडायचंय. परवानगी मिळाली की दुसरी पाळी सुरू होणार, आणि घरी बसलेल्या वेसाला परत बोलावणार. तू त्याला शब्द दिलायस, हे तूच मला सांगितलंस. साउनाच्या वाफेत तुझ्या शेजारी बसून तो दर शनिवारी विचारतो, "काय म्हणते तुझी बहीण?" आणि तू म्हणतोस, "अरे, घरचीच आहे ती."

आता ऐक. बाबा परसाकडच्या खोपटात चुना टाकायचे, आठवतं? पाणी पडलं की तो फसफसायचा, तापायचा, मग निमूट पडून राहायचा. तुमच्या टाक्यांतलं द्रव्यही तसंच. पाण्यात पडलं की ते स्वतः उरत नाही, त्याचं दुसरंच काहीतरी होतं. त्यामुळे त्याची चाचणी घेणं मोठं कटकटीचं काम. माशाला नेमकं कशात सोडायचं, मूळ मालात की जे उरलं त्यात? कंपनीने खोलीतल्या ऊबदार पाण्यात माल ओतला, तो शांत होऊ दिला, आम्लपणा काढून टाकला आणि मग मासे सोडले. सगळे ठणठणीत. त्यात लबाडी नाही, नियमात बसतं ते. मीही कितीतरी वर्षं असंच करत आले.

पण आपली नदी ऊबदार कधी असते रे? हिवाळ्यात तिच्यात हात घातला तर बोटं बधिर होतात. आणि व्हाइटफिशची अंडी त्याच पाण्यात, दगडांच्या फटींत पडून असतात. मी तू आणलेलं पाणी नदीइतकंच गार ठेवलं आणि त्यात तो माल सोडला. जे तिथे काही मिनिटांत विरलं, ते इथे दुसऱ्या दिवशीही बरंचसं जसंच्या तसं होतं. म्हणजे नदीत ते वाहत वाहत पार मुखापर्यंत, तुम्ही जाळी टाकता तिथपर्यंत जाणार. मग दोन भांड्यांत व्हाइटफिशची अंडी ठेवली. एका भांड्यात तुझं नुसतं पाणी होतं, त्यातली अंडी छान फुटली, पिलं काचेला नाक लावून फिरत होती. दुसऱ्या, माल घातलेल्या भांड्यातली पांढरी पडून तळाशी बसली. मी सगळं पुन्हा एकदा करून पाहिलं. खरं सांगते, दुसऱ्या वेळी ती जगावीत म्हणून मनातल्या मनात हात जोडले होते. नाही जगली.

तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. निष्कर्षाची लाज नाही वाटत, तो खरा आहे. लाज वाटते ती तुझ्या त्या प्रवासाची. तू हौसेने, बहिणीला मदत म्हणून बर्फ फोडलास, आणि मी तुला तुझ्याच माणसांच्या विरुद्ध वापरलं. वेसाची बायको माझ्या लग्नात नाचली होती. तिच्या तोंडाकडे मी आता कशी बघू?

ताइस्तो, अहवाल आज सकाळी गेला. सोमवारी तो गावात सगळ्यांना वाचायला मिळेल आणि त्यात पाणी भरणाऱ्याचं नाव छापलेलं आहे. तुझं. लोक म्हणतील, तू बहिणीशी संगनमत करून आमच्या पोटावर पाय दिलास. नाव झाकता येईल का, असं मी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "येईल, पण मग हे पाणी कुठलं, असं विचारून कंपनीचा वकील सगळंच उडवून लावेल. बघ तू." नवीन पाणी आणि नवीन अंडी मिळायला पुढचा हिवाळा उजाडला असता, तोवर टाक्या नदीत रिकाम्या झाल्या असत्या. मी नाव तसंच ठेवलं. आधी तुला विचारायला हवं होतं, हक्कच होता तुझा. विचारलं नाही, कारण तू 'नको' म्हणाला असतास तर मी ऐकलं असतं.

तुझीच,
राउनी