दिवाळीनंतरही टांगलेल्या आकाशकंदिलाबाबत

प्रति,
मा. दिवाबत्ती व उपद्रव निवारण अधिकारी,
चिंचवड कचेरी.

विषय: अंगणातील आकाशकंदील आणखी काही काळ टांगलेला राहू देण्याबाबत.
संदर्भ: सदर कंदील आठवड्याच्या आत उतरवण्याविषयी आपली नोटीस.

महोदय,

१. मी निवृत्त शाळामास्तर असून नदीकाठच्या आळीत पत्नी रतनबाई हिच्यासह राहतो. तिला दमा आहे. बंद खोलीत जीव घुसमटतो, म्हणून थंडीतही ती रात्री अंगणात बाजेवर, पाठीशी वळकटी लावून बसते. शेजारी नव्या कारखान्याची चिमणी आहे. ती रतनबाईच्या नंतर आली, एवढे नमूद करतो.

२. दिवसा चिमणीचा धूर सरळ आभाळात जातो. आपले निरीक्षक दिवसाच आले, तेव्हा “धूर कुठाय हो, मास्तर?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वरची उबदार राहते. धूर त्या दोहोंच्या मध्ये सायीसारखा पसरतो आणि चांदण्यात त्यावर लाटा चालताना दिसतात. पाहायला सुरेख असतात. त्यातली एखादी फुटली की हवा घुसळते व धूर आळीवर कोसळतो.

३. दिवाळीचा कंदील उंच बांबूवर राहून गेला, त्यामुळे हे उमगले. खाली तुळशीचे पान हलत नसताना कंदील झोके घेऊ लागतो. धूर त्यानंतर उतरतो. तेवढ्यात रतनबाईला आत घेऊन दारे लावता येतात. मला डुलकी लागल्यास शेजारच्या शालनबाई ओरडतात, “मास्तर, कंदील नाचाया लागला! वैनीस्नी आत घ्या, का घोरतच बसताय?”

४. नोटिशीत म्हटले आहे की, वारा नसताना कंदील हलतो, त्या अर्थी अर्जदार दोरी ओढून लोकांत घबराट पसरवतो. साहेब, त्या वेळी माझे दोन्ही हात पत्नीला उचलण्यात गुंतलेले असतात. खात्रीसाठी आपण एक रात्र यावे. गैरसोयीचे असल्यास, लाटांनी कचेरीच्या वेळेतच फुटावे असा हुकूम काढावा. कारखान्याला हुकूम काढण्यापेक्षा तो सोपा पडेल.

५. मुदत संपण्याआधीच परवा आपल्या शिपायाने कंदील खाली घेतला. त्या रात्री धूर नाकात शिरल्यावरच आम्हाला कळला. रतनबाईचे ओठ निळे पडले ते उजाडेपर्यंत तसेच होते. सकाळी शालनबाईंनी कंदील पुन्हा चढवला. तो गुन्हा माझ्या नावे धरावा. वैद्यांच्या मते रतनबाई ही थंडी काढील असे दिसत नाही.

तरी ती आहे तोवर कंदील राहू द्यावा. पुढे मी तो स्वतः उतरवीन. शिपाई पाठवण्याची तसदी घेऊ नये.

आपल्या उत्तरासाठी जागत असलेला,
उद्धव गणपत गावडे
चिंचवड, ता. ३ डिसेंबर १९५७