आईने समुद्राला नाही म्हटलं नाही

तोलुका,
थंडी अजून तशीच.

तीर्थस्वरूप कासिल्दामावशीस,

बाल्तासारचा साष्टांग नमस्कार (पोट वाढल्यामुळे आठांपैकी चारच अंगं जमिनीला टेकतात, बाकीची समजून घे). तुझा गुडघा कसा आहे? आम्ही खुशाल आहोत. तुझी सूनबाई नोएमी माझ्याशी रोज बोलते, म्हणजे खुशालच म्हणायचं.

बातमी अशी, की ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आम्ही समुद्रावर येतोय, आणि तेही तुझ्याच सिवातानेहोला. आम्ही म्हणजे मी, नोएमी आणि (आधी नीट टेकून बस) आई.

बेत मुळात कानकुनचा होता. नोएमीने एका प्रवास कंपनीचं न्याहारीचं आमंत्रण मिळवलं. न्याहारी फुकट, फक्त खाताना हॉटेलांची वर्णनं ऐकायची. आईने चिलाकिलेस दोनदा मागून घेतले, वर हिरवी चटणी मिळमिळीत आहे म्हणून आचाऱ्याला बोलावून घेतलं. वर्णन करणारा टायवाला म्हणाला, "आजी, पलंगावर पडल्यापडल्या समुद्र दिसतो!" आई म्हणाली, "पडल्यापडल्याच बघायचा तर माझ्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काय वाईट आहे रे?" मग त्याने आकापुल्को काढलं, तिथे म्हणे गोंगाट. वायार्ता काढलं; तिथे म्हणे नवराबायको दिवसभर एकमेकांचे फोटो काढतात. बिचाऱ्याने घाम पुसत शेवटी सिवातानेहोवर बोट ठेवलं. आईने बशी बाजूला सारली. म्हणाली, "तिथे मासळीचा वास येतो." एवढंच. नाही म्हणाली नाही! मी टेबलाखालून नोएमीचा पाय दाबला (तो टायवाल्याचा निघाला).

मावशी, माझ्या लग्नात तुम्ही दोघी बहिणी एकाच पोपटी रंगाचा पोशाख करून आलात, "तू बदल", "तूच बदल" झालं, आणि तेव्हापासून आमच्या घरात तुझ्या गावाचं नाव निघालेलं नाही. हवामानाच्या बातम्यांत आलं तरी आई टीव्ही बंद करायची. आमच्याकडे पाऊस पडणार की नाही हे आम्हाला पाऊस पडल्यावरच कळायचं. आता तीच बाई रोज विचारते, "तिकडे संध्याकाळी शाल लागते का गं, नोएमी?"

शिवाय तिने पोहायचं ठरवलंय. "काठावर उभी राहून परत यायला मी काय बगळा आहे?" म्हणून आम्ही तिला नगरपालिकेच्या तलावावर नेलं. पाण्यात पाय घालताच तिने शिकवणाऱ्या गृहस्थांच्या गळ्याला अशी मिठी मारली, की त्यांनाच वाचवायला दुसरे दोघे उतरले. पण मावशी, थोड्या वेळाने तिने हात सोडले. पाठीवर तरंगली. डोळे मिटून, हसत. वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी बाहेर येईना. परतताना बसमध्ये ओल्या केसांनी म्हणाली, "कासिल्दा मला लहानपणी नदीत असंच धरायची. तिचा हात कधी सुटला नाही रे." आणि लगेच खिडकीबाहेर बघत बसली. मीही दुसऱ्या खिडकीबाहेर बघत बसलो.

म्हणून वाटतं, यंदा जमेल. आमचं हॉटेल ऐसपैस आहे, तू कसलीही तसदी घेऊ नकोस. किनाऱ्यावर सहज गाठ पडली, तर पडली.

तुझा,
बाल्तासार

ता. क. हॉटेल नाही. त्या आठवड्यात गावात खाटसुद्धा शिल्लक नाही, आणि हे आईला ठाऊक नाही. तुझ्या घरावर 'हॉटेल' अशी पाटी लावता येईल का? आम्ही आलो की तू काळा चष्मा घालून दारात बस आणि आवाज घोगरा काढ. आई एकदा आत येऊन कॉफी प्यायली, की पुढचं नोएमी सांभाळेल.

आणखी ता. क. (अक्षर माझं आहे, तुझ्या बहिणीचं, हर्मिनियाचं.) कासिल्दा, या शहाण्याने पाकीट न चिकटवताच मला टपालात टाकायला दिलं. पाटीबिटी काही लावू नकोस, लोक खरंच राहायला येतील. यांना दोघांना अंगणात झोपव. मी तुझ्या खोलीत झोपेन. घोरतेस का अजून? घोर. बस थांबेल तिथे ये, पण रडू नकोस. तू सुरू केलंस की मला थांबता येत नाही, आणि मग सूनबाईसमोर माझी काय किंमत राहील?